कोकणातील फळप्रक्रिया उद्योग
आंबा, काजू, कोकम, फणस इत्यादी फळांपासून टिकाऊ खाद्यपदार्थ बनविणारा, मुख्यतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील उद्योग. आमसूल, आंबापोळी, फणसपोळी या घरगुती बेगमीच्या पदार्थांतून त्याचा उगम झाला. जांभ्याची जमीन, उष्ण-दमट हवामान व मुबलक पाऊस फळझाडांना मानवतात. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) सुधारित वाण व प्रक्रियातंत्र पुरविते. मुंबईची बाजारपेठ आणि कोकण रेल्वे (१९९८) यांमुळे मालाची ने-आण सुलभ झाली. कोकमाची साल त्याच फळाच्या रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळविली की आमसूल तयार होते (पहा : कोकम), काजूबी वाफवून फोडतात (पहा : काजू). हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले (पहा : आंबा). विक्रीस न चालणारी लहान फळेही रसासाठी उपयोगी पडतात.