मुळशी ते माडबन : विजेच्या एका युनिटची खरी किंमत

(पौड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय तुम्हीच सुचवला होता. सौर वीज स्वस्त की अणुवीज? मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी हा प्रश्न विचारला, आणि एकाने तर "सर, फक्त आकडा सांगा, तत्त्वज्ञान नको" असंही बजावलं. आकडे मी सांगणार आहे. पण मी पडलो तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे आकडा आला की तो कुणी मांडला, त्यात काय धरलं आणि काय सोडलं, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आणि हा प्रश्न विचारायला मुळशीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. विजेचा हिशोब कसा मांडला जातो, हे या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी अंगावर घेतलेलं आहे. म्हणून सुरुवात इथूनच करू.

गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. कोळसा लांबून आणावा लागे आणि महाग पडे. टाटांनी त्याआधीच लोणावळ्याच्या बाजूला तळी बांधून खोपोलीला १९१५ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू केलं होतं. पुढची नजर गेली मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाकडे. इथे धरण बांधायचं, पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या पलीकडे न्यायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याला सोडायचं. अभियांत्रिकी म्हणून कल्पना फार देखणी होती, आजही आहे. पाऊस फुकट, उतार फुकट, कोळसा शून्य.

मग खर्च कुठे होता? खर्च होता खोऱ्यात. पन्नासच्या आसपास गावं आणि दहा हजारांवर माणसं, शिवाय आंबेमोहर पिकवणारी भातखाचरं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ही जमीन सरकारने कंपनीसाठी घ्यायची ठरवली. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' म्हणायला लोकांनी सुरुवात केली ती इथेच. 'जान किंवा जमीन' ही घोषणाही इथलीच. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचं केंद्र सुरू झालं.

आता या लढ्यातली एक बाब, जी आपण वीररसाच्या भरात विसरतो. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात ती नीट दाखवली आहे. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्याच नावावर गेलेली होती. सुरुवातीला हे सावकारही विरोधात होते. भरपाईचा आकडा पटला तसे ते बाजूला झाले. म्हणजे कागदावर 'जमिनीचा मोबदला दिला' ही नोंद खरीच होती. पण पैसे ज्याच्या हातात गेले तो नांगर धरणारा नव्हता, आणि ज्याच्या पायाखालची जमीन गेली त्याच्या हातात काही पडलं नाही. हिशोब जुळला, फक्त माणूस चुकला.

गांधीजींनी त्याच एप्रिलमध्ये 'यंग इंडिया'त याबद्दल लिहिलं. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत असा. योजनेचे फायदे कितीही असोत, ते एखाद्या गरीब माणसाच्या खर्चाने, त्याच्या इच्छेविरुद्ध मिळणार असतील, तर त्या फायद्यांचं मोल काय? यातला 'इच्छेविरुद्ध' हा शब्द लक्षात ठेवा. खर्च कुणावर तरी पडणारच. तो त्याला विचारून पडला का, हा आपला आजचा पहिला निकष.

आता अणुवीज. अणुविजेची महाराष्ट्रात सुरुवात झाली तारापूरला. १९६९ मध्ये, अमेरिकन कंपनीने बांधून दिलेले दोन संच. ते लवकर उभे राहिले, त्यांचं कर्ज फिटलं, आणि मग कित्येक वर्षं देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत त्यांची गणना होत राहिली. मी स्वतः वर्गात हे उदाहरण वर्षानुवर्षं देत आलो. उपयुक्ततावाद शिकवताना म्हणायचो, बघा, एकदा खर्च केला की पुढच्या पिढ्यांना स्वस्त वीज. एकदा या मुळशीच्याच बाजूच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, भिऱ्याची वीज पण स्वस्तच आहे ना? मग आमच्या वाडीवर कंदील का?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर नव्हतं, हे मला घरी जाताना बसमध्ये कळलं. जुन्या प्रकल्पाची वीज स्वस्त असते, कारण त्याचा मोठा खर्च कुणीतरी आधीच भरलेला असतो. नवा बांधायचा झाला तर तो भाव मिळत नाही.

नव्या अणुभट्टीचं काय होतं ते पाहू. इथे इंधनाचा खर्च कमी असतो, मुख्य खर्च बांधकामाचा. आणि बांधकाम म्हणजे कर्ज, कर्ज म्हणजे व्याज. साधा हिशोब करा. दहा टक्के व्याजाने घेतलेले १०० रुपये सात वर्षांत जवळजवळ १९५ होतात, आणि तोवर एकही युनिट विकलेलं नसतं. म्हणून अणुविजेचा खरा शत्रू उशीर आहे. कुडनकुलमचा रशियाशी करार १९८८ चा, आणि पहिल्या संचाचं व्यावसायिक उत्पादन सुरू झालं २०१४ च्या अखेरीस. फ्रान्समध्ये फ्लामनव्हिल इथे २००७ मध्ये ३३० कोटी युरोच्या अंदाजाने काम निघालं. वीज जाळ्यात आली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि बांधणाऱ्या कंपनीचा आकडा १३०० कोटी युरोच्या वर गेला होता. चौपट.

फ्लामनव्हिल मी मुद्दाम सांगतो आहे. कारण त्याच जातीच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या, रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ माडबनला यायच्या आहेत. एकूण ९९०० मेगावॅट, जमीन ९३८ हेक्टर. जमीन घेतली कोणत्या कायद्याने? त्याच १८९४ च्या, ज्याने मुळशीची घेतली. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाची दुर्घटना होऊन महिना उलटला होता, तेव्हा तिथे आंदोलनावर गोळीबार झाला आणि एक माणूस गेला. पुढे २०१३ मध्ये भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली. फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाला होता डिसेंबर २०१० मध्ये. दशकाहून जास्त काळ गेला, तरी विजेचा अंतिम दर ठरलेला नाही. जमीन आधी गेली आणि किंमत अजून कळायची आहे, असा हा व्यवहार आहे.

अणुविजेची दुसरी बाजू काळाची. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असतं, त्यातल्या मुख्य प्रकाराचा अर्धायुष्यकाल २४ हजार वर्षांचा. केंद्र बंद झाल्यावर ते मोडून सुरक्षित करायचं, म्हणून आपल्याकडे दर युनिटमागे दोन पैसे बाजूला काढले जातात. दोन पैसे पुरतील का? ते कसं मोजता यावर आहे. अर्थशास्त्रज्ञ भविष्यातला खर्च आजच्या किमतीत आणताना त्याला व्याजाच्या दराने भागत जातात. दहा टक्क्यांनी भागलं, तर शंभर वर्षांनंतरचा एक कोटी रुपयांचा खर्च आजच्या वहीत सव्वासातशे रुपये दिसतो. गणितात चूक काहीच नाही. पण शंभर वर्षं म्हणजे किती? १९२१ ते २०२१. त्या वहीत आपण, इथे बसलेले सगळे, सव्वासातशे रुपयांत मोजले गेलेले लोक आहोत.

आता सौर. इथे उलटी गोष्ट घडली, आणि इतक्या वेगाने की माझ्या पिढीला ती पटायला वेळ लागला. २०१० च्या सुमारास आपल्या देशात सौर विजेचे लिलावातले दर युनिटला अकरा-बारा रुपयांच्या आसपास होते. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे दर २ रुपये ४४ पैशांवर आला, आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या एका लिलावात तो दोन रुपयांच्याही खाली गेला. पटल कारखान्यात तयार होतं, एक-दोन वर्षांत प्रकल्प उभा राहतो, व्याज चढायला वेळच मिळत नाही. आज नुसता युनिटचा दर विचाराल तर उत्तर सरळ आहे. नवा सौर प्रकल्प नव्या अणुप्रकल्पापेक्षा स्वस्त, आणि थोडाथोडका नाही.

पण इथेच थांबलो तर मी १९२१ च्या कारकुनासारखाच हिशोब केला असं होईल. सौरच्या वहीतल्या सुटलेल्या नोंदीही वाचू.

पहिली नोंद रात्रीची आणि पावसाची. ताम्हिणीचा जुलै ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. एक मेगावॅट सौर पटलं वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट देतात. एक मेगावॅट अणुवीज, केंद्र नीट चाललं तर, चौऱ्याहत्तर लाखांच्या घरात. म्हणजे मेगावॅटला मेगावॅट लावून तुलना करणं चूक आहे. दुसरी नोंद जमिनीची. जैतापूरइतकी वीज सौरमधून काढायची तर साधारण ४४ हजार मेगावॅट लागतील आणि मेगावॅटला चार एकर धरले तरी सत्तर हजार हेक्टर. तिकडे ९३८, इकडे सत्तर हजार. हा आकडा अणुविजेच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही.

तिसरी नोंद साठवणुकीची. दुपारची वीज संध्याकाळी हवी असेल तर ती कुठेतरी ठेवावी लागते. बॅटरीचे दर उतरत आहेत. २०२४ च्या अखेरीस एका राष्ट्रीय लिलावात, काही तासांच्या साठवणुकीसह, साडेतीन रुपयांच्या आसपास दर आला. दुसरा मार्ग म्हणजे पाणी. दुपारी स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज करायची. शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. आणि यासाठी काय लागतं? वर एक तळं, खाली एक तळं, मध्ये उंच कडा. म्हणजे सह्याद्री. म्हणजे आपण.

भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा संच नव्वदच्या दशकातच बसला. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता आणि भिवपुरी इथल्या मिळून २८०० मेगावॅटच्या अशा प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला. शिरवता आपल्या शेजारच्या मावळातलं. म्हणजे सौर विजेचा हिशोब फिरून पुन्हा याच डोंगरात येतो आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांसाठी आला होता, आता सूर्य मावळल्यानंतरच्या दिव्यांसाठी येईल.

म्हणून जमीन कशी घेता, हा प्रश्न सौरबाबतही टळत नाही. मात्र इथे एक नवी वाट दिसते. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. पंचवीस वर्षांत हे साधारण साडेपंचेचाळीस लाख होतात, आणि सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. माडबनच्या साडेबावीस लाखांशी तुलना करताना सावध राहा, कारण भाडं हप्त्या-हप्त्याने येतं. तरीही जमीन परत मिळणं ही मुळशीने कधी न पाहिलेली गोष्ट आहे. पण याच योजनेत गायरानंही जातात. गायरानात ज्याची चार शेळ्या-मेंढ्यांची चराई होती, त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे भाड्यातही नसतं. मुळशीतल्या कुळाचं जे झालं तेच. तो माणूस अजूनही वहीबाहेर आहे.

तर माझं मत विचाराल, आणि विचारणारच, तर ते असं. जी अणुकेंद्रं चालू आहेत ती सुरक्षित आहेत तोवर चालवावीत, त्यांचा मोठा खर्च होऊन गेलेला आहे. ज्याची किंमत करणाऱ्यालाही माहीत नाही असा नवा परदेशी अणुभट्टीचा करार करू नये. महाराष्ट्राने पैसा आधी सौर आणि साठवणुकीत घालावा. मात्र साठवणुकीचा प्रत्येक प्रकल्प येताना तीन रकाने आधी भरून घ्यावेत. जमीन कसणारा कोण, त्याला विचारलं का, आणि तयार होणारी वीज त्याच्या वाडीला पहिली मिळणार का. हे रकाने भरले तर युनिटमागे काही पैसे वाढतील. वाढू द्या. तो खर्च नवा नाही, आजवर तो दुसऱ्या कुणीतरी भरला एवढंच.

त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज तो कुठे आहे मला ठाऊक नाही. पण उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून ते देऊच नये असं थोडंच आहे? वाडीवर कंदील होता, कारण हिशोब मांडताना वाडीला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारलं जावं, हे बघणं आता तुमच्या-माझ्या हातात आहे.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.