तळटीप १७ : ‘तासांचा तक्ता’

१७. तासांचा तक्ता : येवगेनी झाम्यातिन (१८८४–१९३७) यांच्या ‘आम्ही’ या रशियन कादंबरीतील (लेखन १९२०–२१) सर्वंकष राज्याचे वेळापत्रक. २०० वर्षे चाललेल्या युद्धात जुने जग बेचिराख झाले, त्यानंतरचा हा काळ. माणसांना नावे उरलेली नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या. सगळे एकाच मिनिटाला उठतात, एकाच क्षणी घास तोंडाशी नेतात आणि तो ५० वेळा चावतात. दिवसातले दोनच तास ज्याचे त्याला मिळतात : दुपारी ४ ते ५ आणि रात्री ९ ते १०.

उताऱ्यात निवेदक ज्या टेलरचे गोडवे गातो, तो काल्पनिक नव्हे. फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) हा अमेरिकी अभियंता. कामगाराची एकेक हालचाल स्टॉपवॉच लावून मोजायची आणि अनावश्यक ती छाटायची, ही त्याची पद्धत. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात माणशी रोज १२.५ टन कच्चे लोखंड उचलले जाई, ते आपण ४७ टनांवर नेले, असे तो १९११च्या पुस्तकात सांगतो. लेनिननेही १९१८ साली ही पद्धत रशियात आजमावण्याचा आग्रह धरला. तेव्हा हा तक्ता निव्वळ कल्पनाविलास समजू नये.

झाम्यातिन स्वतः जहाजबांधणी अभियंते. १९१६-१७ साली इंग्लंडमध्ये रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फ फोडणाऱ्या जहाजांवर त्यांनी देखरेख केली होती. ‘आम्ही’ त्यांच्या मायदेशात छापली गेली १९८८ साली, इंग्रजी भाषांतरानंतर ६४ वर्षांनी.