स्वस्त म्हणून खोटं?

‘दीड-दोन हजारांचं स्मार्टवॉच म्हणजे खेळणं. घ्यायचं तर महागातलं घ्या, नाहीतर काट्याचं साधं घड्याळ बरं.’ हे मत दवाखान्यात ऐकू येतं, मोबाइलच्या दुकानात ऐकू येतं आणि लग्नाच्या पंगतीतही. ते मांडणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांच्याकडे पुरावे आहेत, म्हणून त्यांचा पक्ष आधी त्यांच्याच ताकदीने मांडायला हवा. पहिला पुरावा केळ्याचा. घड्याळ केळ्याला बांधलं तरी ते नाडीचे ठोके दाखवतं, असे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले आहेत. दुसरा पुरावा दोन हातांचा. दोन मनगटांवर दोन कंपन्यांची घड्याळं बांधून दिवसभर फिरा, रात्री पावलांचे आकडे जुळत नाहीत. तिसरा पुरावा बाजाराचा. काही वर्षं भराभर वाढलेली भारतातली स्मार्टवॉचची विक्री २०२४ मध्ये चांगलीच घसरली. हौसेने घेतलेली घड्याळं कपाटाच्या खणात गेली आणि लोकांनी दुसरं घेतलं नाही.

हे तिन्ही पुरावे मला मान्य आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही.

‘स्वस्त, म्हणून खोटं’ हा हेतू न्यायशास्त्राच्या भाषेत सव्यभिचार आहे. जिथे खोटेपणा नाही तिथेही स्वस्तपणा सापडतो, आणि याचा सगळ्यांत ठळक दाखला घड्याळाच्याच इतिहासात आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सैकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीला काढलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्यात त्या काळी छोटी मोटार आली असती. वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, कॅसिओने एफ-९१डब्ल्यू हे प्लास्टिकचं घड्याळ आणलं आणि ते कुठल्याही शाळकरी मुलाच्या हातावर दिसू लागलं. त्याची चूक महिन्याला तीस सेकंदांच्या आत राहते. उलट स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या, लाखांत विकल्या जाणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा आहे. आपल्याकडे एचएमटीच्या ‘जनता’ला रोज चावी देणारी आणि आकाशवाणीच्या बातम्यांबरोबर काटे जुळवून घेणारी पिढी अजून आपल्यात आहे. त्या पिढीला विचारा. आजचं दीड हजारांचं स्मार्टवॉच फोनकडून वेळ घेतं, फोन ती नेटवर्ककडून घेतो, आणि काटे जुळवायचा प्रश्नच उरत नाही. घड्याळाच्या मूळ कामात तरी किमतीचा आणि खरेपणाचा संबंध पन्नास वर्षांपूर्वीच तुटला आहे.

आता केळं. घड्याळाच्या पोटाशी हिरवे दिवे लुकलुकतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं आणि ओसरतं, त्याच तालात परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो, आणि दिव्यांशेजारचा सेन्सर हा ताल मोजतो. केळ्याच्या सालीवरूनही प्रकाश परततोच. त्यात खोलीतल्या दिव्याची लुकलुक मिसळते, टेबलाचा बारीक कंप मिसळतो, आणि ताल शोधण्यासाठीच लिहिलेला प्रोग्रॅम त्यातून कुठला ना कुठला ताल शोधून काढतो. हाच प्रयोग लोकांनी नावाजलेल्या महागड्या घड्याळांवर केला, तेव्हा त्यांतल्या काहींनीही आकडा दाखवला. तराजूत दगड ठेवला तरी वजन दिसतं, म्हणून कुणी तो तराजू खोटा म्हणत नाही. ‘आपण माणसाच्या मनगटावर आहोत का’ हे घड्याळाला ओळखता येत नाही, एवढंच केळ्याने सिद्ध होतं. मनगटावर असताना ते बरोबर मोजतं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची परीक्षाही वेगळी आहे. पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजा आणि घड्याळाशी ताडून पाहा. मग दोन जिने भराभर चढून पुन्हा मोजा. सेन्सरच्या नावाखाली नुसता दिवा बसवलेला मालही बाजारात येतो. असं बनावट घड्याळ पहिल्या मोजणीला कदाचित निभावून नेईल, जिन्यानंतर मात्र उघडं पडेल.

किमतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी २०१७ चा एक अभ्यास जरूर पाहावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी साठ जणांच्या हातांवर ॲपल, सॅमसंग, फिटबिट अशा कंपन्यांची सात उपकरणं बांधली आणि त्यांना बसवलं, चालवलं, पळवलं, सायकलवर बसवलं. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्या यादीत दीड हजारांचं काही नव्हतं. म्हणजे कॅलरी मोजणं हे मनगटावरून होणारं काम नाही, मग घड्याळ कितीचंही असो. नाडी मोजणं हे होण्यासारखं काम आहे, आणि ते करणारे हिरवे दिवे आता स्वस्त घड्याळांतही आले आहेत. हात जोरात हलत असताना स्वस्त घड्याळाची नाडी महागड्यापेक्षा जास्त घसरते, हे मी नाकारत नाही. पण खरं-खोटं यांच्यामधली रेघ किमतीवरून ओढायची नाही. काय मोजायचं आहे, त्यावरून ती ओढायची.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या आकड्यावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे. या वादात हा मुद्दा जवळजवळ कुणी मांडत नाही. नाडी आकड्यात मोजणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. शार्ङ्गधरसंहितेतली नाडीपरीक्षा नाडीची गत साप, बेडूक, हंस यांच्या चालींवरून सांगते, तिथे मिनिटांचा हिशेब नाही. इंग्लंडमध्ये लिचफील्डचे वैद्य जॉन फ्लॉयर यांनी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ करून घेतलं आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे ठोके आणि मिनिट यांची सांगड पक्की होऊ लागली. पण बसल्या जागी नाडी ७२ असली काय किंवा ७६ असली काय, तुमच्या-माझ्या दिवसात काही बदलत नाही. महिनाभर सकाळी ७०च्या आसपास दिसणारा आकडा आठवडाभर ८५ दिसू लागला, तर मात्र काहीतरी बदललं आहे हे कळतं. तिथे प्रत्येक आकडा अचूक असायची गरज नाही. घड्याळ रोज सारखंच चुकत असलं तरी पुरतं.

ऑक्सिजनचं उलट आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडकाळातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं घरोघर येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावत होती, तेव्हा ९५ आणि ९१ या दोन आकड्यांत घर आणि हॉस्पिटल एवढं अंतर होतं. बोटाच्या चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो, मनगटावर तो आतून मागे फिरलेला तेवढाच मिळतो. चिमटाही निर्दोष नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात रक्तातला ऑक्सिजन घटलेला असूनही चिमट्याने तो पुरेसा दाखवला, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. सावळ्या कातडीच्या आपल्या देशात हा निष्कर्ष प्रत्येक घड्याळाच्या खोक्यावर छापायला हवा. चार अंकांची जी चूक नाडीत क्षम्य आहे, तीच इथे जिवावर बेतू शकते.

रक्तदाब आणि साखरेच्या बाबतीत तर मी विरोधकांच्याही पुढे जाते. हाताला पट्टा न आवळता रक्तदाब सांगणारं घड्याळ फार तर अंदाज बांधतं. सॅमसंगसारखी कंपनीसुद्धा दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवणी करायला लावते. दीड हजारांचं घड्याळ तुमची काहीही माहिती न घेता १२०/८० दाखवत असेल, तर तो आकडा कुठून आला हे दुकानदाराला विचारा. सुई न टोचता साखर मोजल्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. असं एकही उपकरण तेव्हा त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं. त्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस ठरवणारा माणूस दगावू शकतो. असं घड्याळ विकणं हा गुन्हा मानला जावा, असं मला वाटतं. आणि एका ठिकाणी महागड्या घड्याळाची जादा किंमत खरोखर वसूल होते, हेही सांगायला हवं. ज्यांच्या हृदयाचा ताल चुकतो किंवा चुकण्याची भीती आहे, त्यांना ईसीजी काढणारं मान्यताप्राप्त घड्याळ उपयोगी पडतं. ॲपलच्या घड्याळाला नाडीचा चुकणारा ताल ओळखता येतो का, यावर चार लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना ती गरज आहे त्यांनी तेच घ्यावं.

राहिली पावलं, आणि इथे विरोधकांचा पक्ष सगळ्यांत कच्चा आहे. ‘दहा हजार पावलं हा जाहिरातबाजीचा आकडा आहे’ असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीने ‘मानपोकेई’ (म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मीटर’) नावाचा कमरेला लावायचा पावलं मोजणारा मीटर काढला. दहा हजार हा आकडा त्या नावातूनच जगभर गेला. २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं, की दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. म्हणजे आकडा चुकीचा होता, मोजणी नव्हे. कमरेच्या साध्या मीटरवर झालेले २६ अभ्यास २००७ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा मीटर लावणाऱ्यांचं चालणं सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं आणि समोर ठरावीक लक्ष्य असणं हे त्यातलं मोठं कारण ठरलं. ते मीटर तर आजच्या स्वस्तात स्वस्त घड्याळापेक्षाही साधे होते. २०१६ चा एक अभ्यास विरोधक पुढे करतात. त्यात उपकरण लावणाऱ्या तरुणांचं वजन न लावणाऱ्यांपेक्षा कमी उतरलं होतं, आणि ते खरं आहे. पण चालायला लावणं आणि वजन उतरवणं ही दोन कामं आहेत. पहिलं या घड्याळाने होतं, दुसऱ्याचं वचन जाहिरात देते. दोन मनगटांवरचे आकडे जुळत नाहीत, ही तक्रारही इथेच निकालात निघते. काल ५२०० दाखवणाऱ्या घड्याळाने आज ६१०० दाखवले, तर आज तुम्ही जास्त चाललात. शेजाऱ्याचं घड्याळ काय म्हणतं याच्याशी त्याचा संबंध नाही.

एवढा वाद आरोग्याच्या आकड्यांवर चालतो आणि घड्याळ दिवसभर जे खरंखुरं काम करतं त्याचं नावही निघत नाही. माझ्या बाबांना बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येत नाहीत. फोनचा गजर त्यांच्या उशाशी वाजून बंद होतो. रात्री आठला रक्तदाबाची गोळी घ्यायची असते, ती मनगटावरच्या थरथरीने लक्षात येते. घड्याळ त्यांनी मोजणीसाठी एकदाही वापरलेलं नाही. मी पहाटे उठते तेव्हा माझाही गजर हातावर थरथरतो आणि शेजारी झोपलेल्याची झोप मोडत नाही. कुकर लावून गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते, तेव्हा दहा मिनिटांचा टायमर हातावरच असतो. पुण्याच्या पीएमपीएमएलच्या गच्च भरलेल्या बसमध्ये एक हात दांडीला आणि दुसऱ्यात पिशवी असते. फोन पर्सच्या तळाशी वाजतो, पण फोन शाळेतून आहे की कर्ज विकणाऱ्यांचा आहे हे मनगट वळवून कळतं. या कुठल्याही कामासाठी पन्नास हजारांचं घड्याळ लागत नाही. उलट ते इथे मागे पडतं. महागड्या घड्याळावर ॲप चालवणारी पूर्ण प्रणाली असते, आणि म्हणून ॲपलने आपल्या बहुतेक घड्याळांना वर्षानुवर्षं १८ तासांचाच हिशेब दिला. साधं घड्याळ थोडीच कामं करतं, म्हणून ते एका चार्जिंगवर पाच-सहा दिवस चालतं.

मग ती घड्याळं खणात का गेली? आकडे चुकले म्हणून नव्हे. चुंबकाने चिकटणारा दोन पिनांचा चार्जर हरवला आणि तसाच दुसरा कुठे मिळेना. पावसाळ्यात रबरी पट्ट्याखाली घाम साचून पुरळ आलं. दोन वर्षांत बॅटरी बसली, आणि ती बदलता येईल असं घड्याळाचं पोट बनवलेलंच नव्हतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तरी गल्लीतल्या घड्याळवाल्याला हे घड्याळ उघडता येत नाही, आणि ‘जनता’ त्याने पन्नास वेळा उघडून दिली असेल. फोनवरचं ॲप तुमचे संपर्क, ठिकाण, संदेश सगळं मागतं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण पावलं मोजायला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न ग्राहकाने विचारल्याशिवाय कुणी विचारत नाही. स्वस्त घड्याळावर खटला भरायचाच, तर या कलमांखाली भरा. त्यात मी तुमच्या बाजूने साक्ष देईन.

आणि एक कलम माझ्याकडून. माझ्या घड्याळावर मराठीतला संदेश आला की जोडाक्षरं मोडतात, ‘ज्ञानेश्वर’चे तुकडे होतात आणि काही नावांच्या जागी नुसते चौकोन येतात. ज्या देशात ही घड्याळं कोट्यवधींनी विकली गेली, तिथे देवनागरी नीट दिसणं हा सेन्सरसारखा महागडा भाग नाही. पैसे देण्याआधी दुकानातच ते घड्याळ आपल्या फोनला जोडायला सांगा आणि कुणाकडून तरी ‘लक्ष्मी’, ‘कृष्णा’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कुऱ्हाडे’ एवढे चार शब्द मागवून घ्या. जे घड्याळ ते वाचता येतील असे दाखवेल, तेच घ्या, आणि बरोबर एक जादा चार्जरही.