मताधिकाराचे वय : सातारच्या इतिहासातील दोन प्रसंग

मत देण्यास मनुष्य केव्हा लायक होतो, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात एका आकड्याने सुटतो. इतिहासात तो इतका सहजासहजी सुटत नाही.

१९०१ साली मसूर स्टेशनावर काही मुले वडिलांकडे कोरेगावी जाण्यासाठी उतरली. त्यांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. (हे तालुक्याचे कोरेगाव नव्हे, आठवणींत त्यांनी तालुका खटाव सांगितला आहे, आणि काही चरित्रकार गावाचे नाव गोरेगाव देतात. भीमेकाठचे लढाईचे कोरेगाव तर निराळेच.) जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असा सौदा ठरला. वाटेत पाणीही मिळाले नाही. त्या वयात अन्याय कळत होता, यात शंका नाही. तथापि अन्याय कळणे निराळे आणि त्यावरील उपाय पारखणे निराळे. म्हणून बालकांस मत असू नये, हे आम्हांस मान्य आहे. वाद आहे तो पुढच्या पायरीविषयी.

वय पुरे झाले म्हणून त्या काळी मत मिळे, असेही नव्हे. १९३५ च्या कायद्यानेही मालमत्ता, कर, शिक्षण अशा कसोट्या कायम ठेविल्या. १९२८ च्या नेहरू अहवालाने एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांस मत मागितले होते. १९२९ मध्ये आंबेडकरांनीही प्रौढ मताधिकाराचाच पुरस्कार केला. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, ही त्यांची भूमिका होती. हाच न्याय तरुणांस का लावू नये?

१९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. आजचा सांगलीकडील बराच मुलूख तेव्हा याच जिल्ह्यात होता. प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले. त्यातील कुंडलचे जी. डी. बापू लाड यांचा जन्म डिसेंबर १९२२ चा. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून पगाराची रक्कम लुटण्यात आली, त्या वेळी तिचे पुढारीपण करणाऱ्या या तरुणास एकविसावे वर्ष पुरे झाले नव्हते. ज्याला सरकार मतदार मानावयास तयार नव्हते, तो सरकारास आव्हान देत होता! मात्र धाडस म्हणजे विवेक नव्हे, हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. धाडसावरून मताची पात्रता ठरवू लागल्यास भित्र्या वृद्धांचे मत काढून घ्यावे लागेल.

आम्हांस अधिक वजनदार वाटतो तो व्यवहाराचा पुरावा. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने सामान्यतः अठराव्या वर्षी मनुष्य सज्ञान ठरला. कोरेगावच्या शेतकऱ्याचा मुलगा या वयात स्वतःच्या नावची जमीन विकू शके, कर्जरोख्यावर सही करू शके. बापजाद्यांची शेते गमावण्याइतकी अक्कल त्याला आहे, पण उमेदवार निवडण्याइतकी नाही, असे हे विचित्र गणित! घटनेच्या ३२६ व्या कलमाने मालमत्तेची कसोटी काढून टाकली, परंतु वय एकवीसच ठेविले. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १९८९ मध्ये अठरावर आले, म्हणजे सज्ञानतेच्या कायद्यानंतर ११४ वर्षांनी.

वरच्या टोकास मर्यादा नाही, आणि ती नसावीच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांस घरून मत देण्याची सोय करण्यात आली. तरुणांची पायरी मात्र अजून अर्धीच बांधलेली आहे: अठराव्या वर्षी मत देता येते, पण ग्रामपंचायतीस उभे राहावयास एकवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. तोच तरुण ग्रामसभेत मात्र मतदार या नात्याने बसू शकतो आणि पंचांना हिशेब विचारू शकतो.