आधी बूच काढा

अमेरिकेत मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या सरोवरांच्या राज्यांत ऑक्टोबर लागला की होडीवाल्यांची लगबग सुरू होते. होडी पाण्याबाहेर काढायची, तेल बदलायचे, पेट्रोल नासू नये म्हणून टाकीत औषध घालायचे, कार्बोरेटरमधून तेलाचा फवारा मारून सिलिंडरना आतून तेलकट करायचे, बॅटरी घरी आणायची. या सगळ्याला तिकडे ‘विंटरायझिंग’ म्हणतात. ज्याने पहिल्यांदाच इनबोर्ड, म्हणजे पोटात इंजिन असलेली होडी घेतली आहे, तो ही यादी पाहून गांगरतो. त्यातली बरीचशी कामे थोडीफार राहिली तरी निभावते. एक चुकले तर मात्र इंजिनच हातचे जाते. ते काम म्हणजे इंजिनाच्या पोटातले पाणी काढणे.

हे काम इंजिनाहून कितीतरी जुने आहे. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास ग्रीक कवी हेसिअडने आपल्या भावाला शेतीचा उपदेश केला, त्यात गलबताचीही काळजी सांगितली. हिवाळी वारे सुटण्याआधी गलबत किनाऱ्यावर ओढ, भोवती दगड रचून पक्के कर, शिडे नीट घडी घालून घरात ठेव, सुकाणू चुलीच्या धुरावर टांग, असे तो सांगतो. आणि तळाचे बूच काढून ठेव, म्हणजे पावसाचे पाणी साठून लाकूड कुजणार नाही. आज मिशिगनच्या मरीनात कामगार होडी ट्रेलरवर चढवून सगळ्यात आधी मागचे बूच फिरवतो, तेव्हा तो हेच करत असतो. रोमनांनी पुढे या हिवाळी सुट्टीला तारखा लावल्या. वेजिटियसच्या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथात 11 नोव्हेंबर ते 10 मार्च समुद्र बंद असल्याचे लिहिले आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, पण रीत तीच. फक्त हंगाम उलटा, मृगाआधी होडी वर आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीची तपशीलवार आज्ञा आहे. पाऊस लागण्याआधीच किल्ल्याच्या आसऱ्याच्या बंदरात जहाजे आणावीत, आणि दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, कारण तिथल्या रयतेला उपद्रव होतो. होडी बंद ठेवण्याचा विचार करताना किनाऱ्यावरच्या माणसांचाही विचार करणारे हे कलम मला फार मोलाचे वाटते.

हजारो वर्षे ही सगळी काळजी लाकडाची होती. पाणी लाकूड कुजवते ते सावकाश. एखादा महिना दुर्लक्ष झाले तर एखादी फळी बदलावी लागे. लोखंड आले आणि हा अवधी एका रात्रीवर आला.

1886 मध्ये गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी कानश्टाटजवळ नेकार नदीत पेट्रोल इंजिनाची होडी चालवली. पेट्रोलला लोक घाबरत, म्हणून होडीवर तारा नि चिनी मातीचे इन्सुलेटर लावून ती विजेवर चालते असे भासवल्याची हकीकत सांगतात. पुढे अशी इंजिने मोठी झाली, जास्त तापू लागली. गाडीला रेडिएटर हवा, होडीला त्याची गरजच काय? खाली अख्खी नदी आहे. पंपाने पाणी उचलायचे, इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवायचे आणि धुराच्या नळीवाटे बाहेर फेकायचे. इतकी सोपी आणि स्वस्त युक्ती की ती रूढ झाली नसती तरच नवल.

ही युक्ती घरोघरी पोहोचवण्यात मोठा वाटा मिशिगनच्या ॲल्गोनॅक गावच्या ख्रिस स्मिथचा. त्याने आणि त्याच्या मुलांनी 1922 मध्ये कंपनी काढली, तिचेच पुढे ‘ख्रिस-क्राफ्ट’ झाले. पहिल्या महायुद्धातून उरलेली कर्टिस कंपनीची विमान-इंजिने स्वस्तात मिळत होती, ती त्यांनी महोगनीच्या देखण्या होड्यांत बसवली. वेगवान होडी मोजक्या श्रीमंतांपलीकडे जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचे व्ही-एट ब्लॉक जसेच्या तसे होड्यांत येऊ लागले, आणि 1959 मध्ये व्होल्वो पेंटाच्या ‘ॲक्वामॅटिक’ने इंजिन होडीच्या मागच्या टोकाशी नेऊन ती अजून आटोपशीर केली.

पहिल्यांदा होडी घेणाऱ्याची गफलत इथेच होते. गाडीत आणि होडीत ओतीव लोखंडाचा तोच ब्लॉक असतो. पण गाडीतले पाणी बंद चक्रात फिरते आणि त्यात न गोठणारे द्रव बारा महिने राहते. बऱ्याच होड्यांचे पाणी मात्र सरोवरातून येते आणि सरोवरात जाते, त्यात काही मिसळून ठेवता येत नाही. इंजिन बंद केल्यावर ब्लॉकमध्ये उरते ते निव्वळ सरोवराचे पाणी. ते गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, आणि ओतीव लोखंड ताणाखाली वाकत नाही, तडकते. चीर बाहेर नसून आत असेल तर वसंतात इंजिन सुरू केल्यावरच कळते, कारण तेल दुधाळ झालेले असते.

आउटबोर्डवाल्यांना ही भीती जवळपास नसते. मिलवॉकीच्या ओले एव्हिन्रूडने 1909 मध्ये बाजारात आणलेल्या या जातीचे इंजिन होडीच्या मागे उभे टांगलेले असते. बाहेर काढून उभे ठेवले की पाणी आपसूक गळून जाते. इनबोर्डमध्ये ते माणसालाच काढावे लागते.

ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खाली एकेक बूच, धुराच्या दोन्ही मॅनिफोल्डना एकेक, शिवाय पंपाचा जाड रबरी पाइप सोडवायचा. हात जेमतेम पोहोचतो, पाना नीट बसत नाही. बूच सुटते आणि काहीच येत नाही. नवखा माणूस समजतो, पाणी आधीच गेले असेल. तेवढ्यावर थांबू नये. भोकाच्या तोंडाशी गंज आणि सरोवराची वाळू घट्ट बसलेली असते. जाड तार आत घालून खरवडली की आधी तपकिरी गाळ येतो आणि मग धार लागते. बाजूच्या गोल पत्र्याच्या चकत्यांवर, ज्यांना तिकडे फ्रीझ प्लग म्हणतात, अजिबात भिस्त ठेवू नये. ओतकामाच्या वेळी आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके त्यांनी बुजवलेली असतात, इतकेच. गोठताना त्या कधी बाहेर ढकलल्या जातात, कधी त्यांच्याआधी ब्लॉकच तडकतो.

पाणी गेल्यावर त्या पोकळ्यांत गाडीसारखेच न गोठणारे द्रव भरून ठेवता येते. हा मार्ग फार लांबून आला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्झने 1856 मध्ये इथिलीन ग्लायकॉल तयार केले, तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हते. पहिल्या महायुद्धात ग्लिसरीनची टंचाई झाली आणि जर्मनीने त्याच्याऐवजी ग्लायकॉल स्फोटकांत वापरले. मोटारवाले तोवर रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालत, ते उडून जाई. 1927 मध्ये अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ आले आणि ग्लायकॉल घरगुती झाले. पण ते विषारी, वर चवीला गोड. त्याच्याच कुळातल्या डाय-इथिलीन ग्लायकॉलचा फटका मुंबईला 1986 मध्ये बसला. जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग नेमावा लागला. वसंतात होडीचे इंजिन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा आतले सगळे द्रव सरोवरात जाते. त्यामुळे होडीसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रव वापरतात. ते कितीतरी कमी विषारी, अन्नपदार्थांतही चालणारे.

या गुलाबी द्रवाने एक आळसही आणला. बादलीत ते ओतायचे, पाइपने इंजिनाला पाजायचे, मागून गुलाबी धार आली की काम झाले, असा समज पसरला. इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप, बंद असतो. मग द्रव ब्लॉकला वळसा घालून थेट बाहेर पडते. धार गुलाबी दिसते आणि ब्लॉकमध्ये सरोवराचे पाणी तसेच राहते. थर्मोस्टॅट उघडला तरी द्रव उरलेल्या पाण्यात मिसळून पातळ होते, आणि डब्यावर लिहिलेला तापमानाचा आकडा फक्त निर्भेळ द्रवाला लागू असतो. म्हणून माझे मत ठाम आहे: आधी सगळी बुचे काढून, तार घालून, थेंब न् थेंब जाऊ द्यावा. बुचे परत बसवावीत. मग पंपाचे वरचे पाइप सोडवून गुलाबी द्रव थेट ब्लॉकमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये काठोकाठ ओतावे. दोन डबे जास्त लागतात आणि दुपार मोडते, पण नव्या ब्लॉकच्या खर्चापुढे ते काहीच नाही.