पुदिन्याचा हिरवा : शस्त्रक्रियेच्या खोलीतून आपल्या भिंतीवर

आज आपण एका फिक्या हिरव्या रंगाचा इतिहास पाहणार आहोत. मिंट ग्रीन. आपल्याकडे दुकानात कुणी त्याला ‘पुदिना’ म्हणतं, कुणी सरळ ‘पिस्ता’. पिस्त्यात पिवळेपणा जास्त, पुदिन्यात किंचित निळी झाक. हा रंग शांत आहे, डोळ्यांना गार वाटतो, असं सगळेच सांगतात. पण कुणाच्या डोळ्यांना? आणि काय पाहून थकलेल्या? त्याचं उत्तर इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोगजंतूंचं ज्ञान पक्कं झालं आणि इस्पितळं पांढरी झाली. घाण चटकन दिसावी, हा हेतू योग्यच होता. अडचण आली ती शस्त्रक्रियेच्या खोलीत. सर्जन बराच वेळ जखमेकडे, म्हणजे लाल रंगाकडे बघत असतो. झगझगीत दिव्याखाली त्याची नजर पांढऱ्या भिंतीवर गेली की डोळे दिपतात, आणि परत जखमेकडे वळली की तिथलं बारीकसारीक नीट दिसत नाही. अशा क्षणी हातात सुरी असते, हे विसरू नका.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक्स इस्पितळातले सर्जन हॅरी शर्मन यांनी यावर उपाय काढला. रक्ताच्या लाल रंगाला पूरक असा पालकासारखा गडद हिरवा त्यांनी निवडला आणि शस्त्रक्रियेच्या खोलीची जमीन व भिंतींचा खालचा भाग त्या रंगाचा करून घेतला. त्याबद्दलचा त्यांचा लेख 1914 साली प्रसिद्ध झाला.

यामागचं तत्त्व आपण घरी करून बघू शकतो. एखाद्या लालभडक कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तिथे फिका, निळसर हिरवा ठिपका तरंगताना दिसेल. लाल ओळखणाऱ्या पेशी थकलेल्या असतात, म्हणून पांढऱ्यातला उरलेला रंग उठून दिसतो. म्हणजे बघा, पुदिन्याचा रंग आपला डोळाच तयार करतो! भिंत किंवा चादर आधीच हिरवी असेल, तर हा भास तिच्यात विरून जातो. आजही ऑपरेशन थिएटरातले कपडे हिरवे-निळे दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

पुढे हा विचार कारखान्यात गेला. अमेरिकेत फेबर बिरेन नावाचे रंगसल्लागार होते. रंग शोभेसाठी नव्हे, कामासाठी निवडावा, हा त्यांचा आग्रह. ड्यूपॉन्टसारख्या कंपन्यांसाठी त्यांनी काम केलं. यंत्रांना आणि भिंतींना फिका हिरवा द्यायचा, म्हणजे चकाकी कमी होते आणि दिवसभर बघणाऱ्याचे डोळे थकत नाहीत. ड्यूपॉन्टनेच बांधलेली हॅनफर्डची बी अणुभट्टी 1944 मध्ये सुरू झाली. तिच्या नियंत्रण कक्षातही हाच फिका हिरवा दिसतो. पालकाचा हिरवा प्रकाश गिळतो. त्यात पांढरा मिसळत गेलं की प्रकाश परत येतो आणि डोळ्यांचा आरामही टिकतो.

मग मात्र गडबड झाली. रंग पसरला, कारण मागे राहिलं. व्हरांडे, कचेऱ्या, शाळा, रुग्णांच्या खोल्या, सगळीकडे तोच हिरवा. रुग्ण काही रक्ताकडे बघत नसतो. तो भिंतीकडे बघत पडलेला असतो. शिवाय हिरव्या भिंतीवरून परतलेला प्रकाश चेहऱ्यावर पडतो आणि माणूस आहे त्याहून आजारी दिसतो. कावीळ आहे का, ओठ निळे पडलेत का, हे डॉक्टरांना कातडीच्या रंगावरून ठरवायचं असतं; तिथे असा प्रकाश दिशाभूल करतो. सर्जनला मदत करणारा रंग शेजारच्या खोलीत अडथळा ठरू शकतो.

तेव्हा हा रंग वापरताना आपण तीन गोष्टी विचाराव्यात. इथे बसणारा माणूस मुख्यतः काय बघणार आहे? भिंतीचा प्रकाश चेहऱ्यावर पडणार आहे का? आणि दिवा कसला आहे? पिवळ्या दिव्याखाली पुदिन्याचा पिस्ता होतो, म्हणून नमुना दुकानात नव्हे, त्याच खोलीत, रात्रीसुद्धा बघावा. विटा, तांबूस लाकूड, लाल कापड यांच्या शेजारी तो खुलतो. आरशाभोवती आणि जेवणाच्या टेबलावर तो जपून वापरावा.

शर्मन यांनी कुठला हिरवा सुंदर, हे विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना आत्ता काय हवं आहे, हे विचारलं होतं. रंग निवडताना आपणही तिथूनच सुरुवात करूया.