पुराणाचा नेम

बऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरकडे निघालं की महाराष्ट्राची हद्द यायच्या आधी इच्छापूर लागतं. टेकडीवर इच्छादेवी, तिथवर पायऱ्या. अशा पायऱ्या नेमानं चढणाऱ्याला कुणी 'का चढता?' असं विचारत नाही. 'नेम आहे' एवढं उत्तर पुरतं. शब्द आला 'नियम'वरूनच, पण वाटेत त्याचा स्वभाव बदलला. नियम दुसरा लावतो, नेम आपण धरतो.

माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा त्याच्या नेमाचं काय होतं? बाप्तिस्मा एका दिवसात होतो. पण पहाटेला आणि सांजेला जे ओठांवर यायचं, ते गेल्यावर ती वेळ रिकामी राहते. मराठीत हा प्रश्न फार पूर्वी, गोव्यातल्या साष्टीत, एका माणसानं तोंडावर विचारला होता.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. 1579 साली ते गोव्यात उतरले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी इथेच काढली. आपल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी त्यांनीच हा प्रसंग सांगितला आहे. रविवार होता, देवळात मुलं ख्रिस्ती शिकवण म्हणत होती. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला. त्याचं म्हणणं असं होतं: ही शिकवण चांगलीच आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

मला हा माणूस मोठा वाटतो. त्याचं नाव कुठे राहिलेलं नाही. ज्यांच्या हुकमानं पोथ्या गेल्या, त्यांच्याच समोर उभं राहून त्यानं पोथी मागितली. श्रद्धेला रोजची जागा लागते, हे त्याला पाद्रींच्या आधी कळलं होतं.

त्या मागणीवर स्टीफन्सनी लिहिलेलं पुराण 1616 साली गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं. देवनागरी खिळे नव्हते म्हणून लिपी रोमन, पण भाषा मराठी, कोकणीचा हात धरून चालणारी. दोन भाग, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. ओवी निवडली यातच सगळं आलं. पहिले तीन चरण यमकानं एकमेकांत अडकतात, चौथा आखूड आणि मोकळा. म्हणणारा तिथे श्वास घेतो, ऐकणाऱ्याचा कान तिथे टेकतो. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा चार दिवस ऐकून पाचव्या दिवशी बरोबर म्हणू लागेल, अशी ही बांधणी. रविवारी आणि सणांना देवळात पुराण वाचलं जाऊ लागलं. ज्या कानांना पुराणाची सवय होती, त्यांना नवा देव जुन्या चालीत भेटला.

तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी पुन्हा हेच केलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं तुकोबांना सोडलं नाही, उलट त्यांच्याच वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. त्यांची भजनं आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत म्हटली जातात. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पण नेमाची खरी परीक्षा ख्रिस्तपुराणाच्या बाबतीतच झाली. 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापलं गेलं. मग 1684 साली पोर्तुगीज सरकारनं लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला. आज त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत हाती नाही. तरी पुराण बुडालं नाही, कारण लोकांनी ते हातानं उतरवून घेतलं होतं. गोवा सोडून कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घरांत ते म्हटलं जात राहिलं. अकरा हजार ओव्या बोरूनं उतरवायला किती रात्री गेल्या असतील! 1907 साली मंगळूरला जोसेफ सलढाणा यांनी पुराण पुन्हा छापलं, ते अशाच हस्तलिखितांवरून.